खालून वर येताना

ताटेराकने सील बर्फाच्या काठावर ओढून घेतला,
नाकावर फुगा मिरवणारा थोराड नर.
आधी मूठभर बर्फ स्वतःच्या तोंडात वितळवलं
आणि ते गोडं पाणी त्याच्या ओठांत सोडलं.
जन्मभर खाऱ्यात राहतो, तहानेलाच मरतो,
असं ताटेराकचा आजा म्हणायचा.
मग माझ्याकडे न बघता:
घे पिपालुक, भर तुझ्या नळ्या,
गार व्हायच्या आत.

रक्त काळं. काकवीसारखं दाट.
हातमोज्यावर सांडलं तिथून वाफ निघाली.
पानथरी माझ्या दंडाएवढी लांब,
तिच्यात तांबड्या पेशींची साठवण,
प्रत्येकीच्या पदराला गाठ मारलेला श्वास.
फुप्फुसं तो वरच रिकामी करून निघतो.
शिदोरी रक्तात असते,
पुरवून पुरवून खायची.

सिसिमिउतला परतल्यावर
बिर्थेनं पोलादी नळकांड्याचं झाकण फिरवलं.
हजार मीटर, म्हणाली,
जणू दुकानातून साखर आणायला सांगतेय.
तुलनेला माणसाचं रक्त हवं होतं.
मी बाही वर केली.

काटा चढत गेला. दहा. चाळीस. शंभर.
नळकांड्याला खिडकी नाही.
आत दोन नळ्या शेजारी शेजारी,
त्याची आणि माझी,
आणि बाहेर आम्ही दोघी, थर्मासातली कॉफी,
बिर्थेच्या मुलीच्या दाताची गोष्ट.

मी ऐकत नव्हते.
एनोक बंदराच्या कामावर बुड्या मारायचा.
नोव्हेंबरात, तुटलेल्या नांगराची साखळी शोधताना,
चाळीस मीटरवर, काळोखात,
वरच्या कुणीतरी खूण चुकीची वाचली
आणि दोर ओढला.
खाली काही होत नाही, तो अजून सांगतो,
खाली पाणी सगळीकडून सारखंच धरतं.
वर आला, मुखवटा काढला, हसला,
सिगारेट मागितली.
ती संपायच्या आत
डावा पाय त्याचा राहिला नव्हता.

हळू नको, बिर्थे म्हणाली, तो काही हळू येत नाही वर.
मी झडप उघडली.
खोली भरून सुस्कारा.

काचपट्टीवर माझा थेंब:
बिंबिका एकमेकींना चिकटलेल्या, घोळक्या-घोळक्याने,
धक्क्यावर अपघात झाला की माणसं जमतात तशा.
जखम कुठे नव्हतीच.
तरी सगळ्या धावल्या होत्या.
भीतीनं रक्त गोठलं म्हणतात,
मला वाटायचं बोलायची पद्धत आहे.

त्याच्या थेंबात मात्र सुट्या सुट्या,
आपापल्या वाटेनं निघालेल्या,
कुठे गेल्याच नव्हत्या जणू.

का? मी विचारलं.
पेशीचा पापुद्रा वेगळा असेल, बिर्थे म्हणाली,
त्यातली चरबी वेगळी, कोलेस्टेरॉल वेगळं,
दाब ज्या दारावर थाप मारतो
ते दारच कदाचित नसेल.
मग चष्मा पुसला. लिही: माहीत नाही.
मी लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या.

संध्याकाळी ताटेराकनं दिलेला वाटा शिजवला,
कांदा, तांदूळ, काळसर रस्सा.
एनोकनं पहिला वाडगा न बोलता संपवला.
त्याला सांगितलं सगळं.
त्याच्या रक्ताला घाबरणं माहीत नाही, म्हटलं.
घाबरत असेल, एनोक म्हणाला, गर्दी करत नसेल.
आणि तुझं?
माझं गोठलं.
तो बराच वेळ वाडग्यातलं हाड चोखत बसला.
माझ्यावर गेलंय, म्हणाला,
आणि आणखी रस्सा मागितला.

उठून वाढेपर्यंत पाहिलं:
दोन्ही हातांनी त्यानं डावा पाय उचलला,
वितभर, थांबला,
आणखी वितभर, थांबला,
आणि शेगडीजवळच्या स्टुलावर
अलगद आणून ठेवला.